कॅरिअर धरून पळणारा माणूस

त्यांना सायकल येत नव्हती, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल, असतात असे सायकलवेडे, रविवारी पहाटे घट्ट चड्ड्या घालून हायवेवर फिरतात. तसलं काही नव्हतं. लहानपणी कानाचं मोठं दुखणं झालं, त्यात तोल गेला तो गेलाच. सीटवर बसवलं की हळूहळू उजवीकडे कलायचे आणि शांतपणे पडायचे. आम्ही एकदा हट्टाने बसवून बघितलं होतं. पडल्यावर पँटची धूळ झटकत म्हणाले, "पटलं ना? चला, आता कामाला लागा."

आणि या माणसाने आमच्या ऑफिसातल्या पंचवीस-तीस मोठ्या माणसांना सायकल शिकवली. त्यातली एक मी. शेचाळिसाव्या वर्षी, गुडघा आधीच कुरकुरत असताना. आजही कुणी विचारलं की बाई, तू कुणाला मानतेस, तर देवाच्या आधी माझ्या तोंडात यांचं नाव येतं. देव रागावत असेल तर रागावू दे.

आमचं ऑफिस मरोळला, औषधांच्या कंपनीचं. मी तक्रार विभागात. लोक फोनवर ओरडतात, मी ऐकून घेते. ते ट्रान्सपोर्ट डेस्कला. पाठीमागे सगळे त्यांना 'कंट्रोलर' म्हणायचे, एसटी स्टँडवर गाड्या सोडणारा असतो तसा. तोंडावर मात्र काका. आता ट्रान्सपोर्ट डेस्कचं काम काय? स्टेशनवरून कंपनीची बस सोडायची, साहेबांना टॅक्सी बोलवायची, पार्किंगचे पास वाटायचे. पण काकांनी नोकरीभर एकच उद्योग केला: कुणाला टॅक्सी लागू नये, पार्किंग लागू नये, आणि जमलं तर बससुद्धा लागू नये. स्वतःचंच खातं बंद पाडायला निघालेला असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

दिसायला काही विशेष नाही. बुटके, काळेसावळे, कडक इस्त्रीची पँट आणि तिच्याखाली पांढरे कॅनव्हासचे बूट, शाळेत पीटीच्या तासाला घालतात तसले. गळ्यात आयकार्डाच्या जोडीला एक स्टॉपवॉच. खिशात भाजलेले चणे. मूळचे मालवणकडचे, वडील कापडगिरणीत होते, लहानपण दहिसरच्या चाळीत. एरवी आपल्यासारखं मुंबईचं मराठी बोलायचे, पण रागावले किंवा हळवे झाले की मालवणी बाहेर यायची. त्यामुळे काकांचा मूड कळायला आम्हाला तोंड बघायची गरज पडत नसे.

नवा माणूस रुजू झाला की त्याला नाव, गाव, शिक्षण काही विचारायचे नाहीत. पहिला प्रश्न, "रोज येणार कसा?" तो बिचारा म्हणायचा, "अकरा किलोमीटर आहे सर." झालं! काका कपाळाला हात लावायचे. "किलोमीटर सांगणारा माणूस कधी चाललेला नसतो. मिनिटं सांग. चढ किती, सांग. सावली कुठे आहे, सांग." पोरगा फोन काढून नकाशा दाखवायला गेला की काका तो फोन पालथा करून टेबलावर ठेवायचे. "या फोनला गुडघे नाहीत रे. याला काय कळतंय?"

मग त्यांची ती सोबत. ही गोष्ट मी दुसऱ्या कुठल्या ऑफिसात ऐकलेली नाही. नव्या माणसाच्या पहिल्या दिवशी सकाळी काका त्याच्या घरी हजर. बोरिवली असो, मुलुंड असो, मानखुर्द असो. स्वतः राहायला मुलुंडला, म्हणजे कुठून किती वाजता निघत असतील ते तेच जाणोत. दारात उभे राहायचे, चहा नको म्हणायचे, आणि त्या माणसाबरोबर त्याच्या दारापासून ऑफिसच्या दारापर्यंत यायचे. वाटेत बोलायचे नाहीत. स्टॉपवॉच दाबायचे आणि वहीत लिहायचे. ती वही मी वाचलीय. 'डेअरीसमोर कुत्रा, भुंकतो, चावत नाही.' 'इथे रिक्षावाल्यांचा घोळका, उजवीकडून जावे.' 'बसचा स्टॉप बोर्डापाशी नाही, पानवाल्यापाशी.' 'आंब्याचं झाड, मे महिन्यात दोन मिनिटं थांबायला.' दुसऱ्या दिवशी त्या माणसाच्या हातात पोस्टकार्डाएवढा कागद पडायचा. कुठे चालायचं, कुठली बस, कुठे सायकल, कुठल्या दुकानदाराशी बोलून ठेवलंय की तो दिवसभर सायकल सांभाळेल. सगळं मिनिटांत. खाली एक ओळ: 'जमलं नाही तर तुझी चूक नाही, माझी. येऊन सांग.'

हे शेवटचं वाक्य ते उगाच लिहीत नव्हते, हे मला पुढे कळलं.

आमच्या एका मोठ्या साहेबांची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. साहेब पार्ल्याला राहायचे आणि मरोळला यायला त्यांना गाडीतून पाऊण तास लागायचा. पार्किंग पुरत नाही म्हणून शेजारचा प्लॉट भाड्याने घ्यायचं त्यांच्या मनात होतं. काका म्हणाले, "साहेब, उद्या तुमची सोबत करतो." साहेबांना वाटलं काहीतरी प्रेझेंटेशन असेल. सकाळी काका ड्रायव्हरशेजारी बसले आणि गप्प. अर्ध्या वाटेवर सिग्नलला म्हणाले, "साहेब, तो पाववाला बघा." सायकलच्या मागे पावाची लादी बांधलेला एक माणूस बाजूने सटकून पुढे गेला. "हा आपल्याला तिसऱ्यांदा ओलांडतोय. मध्ये दोन हॉटेलांत पाव देऊन झाले त्याचे." बस्स. यापुढे ऑफिस येईपर्यंत एक शब्द नाही.

साहेबांनी काही सायकल घेतली नाही हो, पण महिनाभरात बसने यायला लागले. आणि प्लॉटचा विषय बंद. उलट होत्या त्या पार्किंगमधल्या चार जागा काकांनी भांडून घेतल्या, तिथे सायकलींचा स्टँड केला, आणि बंद पडलेलं एक बाथरूम उघडून त्यात नळ, हुक आणि आरसा लावून घेतला. "घामाघूम होऊन मीटिंगला बसलेला माणूस दुसऱ्या दिवशी सायकल काढत नाही," म्हणायचे. अ‍ॅडमिनवाले म्हणाले, आरसा कशाला? "केस विंचरायला. सायकलवाल्याने काय भूत दिसायचं?"

एकदा कंपनीने बाहेरून एक तज्ज्ञ आणला. टाय, लॅपटॉप, सगळं झकास. तासभर पडद्यावर 'मोबिलिटी मॅनेजमेंट' चाललं होतं. माणसाच्या सवयी बदला, नुसते रस्ते रुंद करून भागत नाही, सायकल, बस, चालणं यांची सांगड घाला, वगैरे. काका पहिल्या रांगेत बसून मन लावून ऐकत होते. संपल्यावर माझ्या कानाला लागले. "पोरगा हुशार आहे गं. पण हे करतो कोण?"

"तुम्ही, काका. तुम्ही करता तेच सांगत होता तो."

"छ्या!" ते म्हणाले. "मी लोकांना घरून घेऊन येतो फक्त."

रिटायर होऊन त्यांना आता दोन वर्षं झाली. निरोप समारंभात कंपनीने द्यायला काय आणावं? हातात घालायचं घड्याळ! गळ्यात स्टॉपवॉच असलेल्या माणसाला! ते भाषणाला उभे राहिले आणि समोर बसलेल्या प्रत्येकाला आज परत कसा जाणार ते विचारत सुटले. एवढंच भाषण. आता मुलुंडला सोसायटीत नवा भाडेकरू आला की त्याच्या दारात सकाळी सातला उभे राहतात म्हणे. बायको सायकलवर भाजी आणायला निघते आणि हे बाजूने झपझप चालत असतात. ती थांबत नाही, हे मागे पडत नाहीत.

पण मला सांगायचंय ते माझ्या बाबांच्या आजारपणातलं.

आमचं ऑफिस आधी विक्रोळीला होतं, मी घाटकोपरला पंतनगरात. रिक्षा केली की घरी. मग ऑफिस मरोळला हललं आणि त्याच महिन्यात बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू गेली. घरात आम्ही दोघंच, आई जाऊन बरीच वर्षं झालेली. मी लग्न केलं नाही, त्याचं कारण इथे सांगत बसत नाही. बाबांकडे दिवसा एक मावशी ठेवल्या. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. बाईंचा हात असा की बाबा कुणाचं ऐकायचे नाहीत, पण मावशींनी "भाऊ, आ करा" म्हटलं की आ करायचे. त्यांच्या आधी दोन बायका येऊन, कंटाळून गेल्या होत्या. मावशी टिकल्या म्हणून माझी नोकरी टिकली होती आणि नोकरी टिकली म्हणून औषधं येत होती. मला दुसरा आधार नव्हता.

अडचण एकच. मावशींना ठोक सहाला निघावं लागायचं. टिळकनगरला त्यांच्याकडे दुसरी एक म्हातारी होती, अंथरुणाला खिळलेली. तिची सून साडेसहाला नाइट ड्युटीला निघायची. सहा-पाचची बस मिळाली तर मावशी वेळेत. ती चुकली की पुढची कधी येईल त्याचा नेम नाही. म्हणजे मी सहाच्या आत घरात पाय ठेवलाच पाहिजे. आणि ऑफिस सुटतं पाचला.

काकांनी माझी सोबत केली, वही भरली आणि म्हणाले, "तुझी मेट्रो ठीक आहे. वाट लागतेय ती घाटकोपरला उतरल्यावर. रिक्षाची रांग पंचवीस मिनिटं खाते, चालत गेलीस तरी वीस. सायकल असेल तर आठ."

"काका, मला सायकल येत नाही."

"मला तरी कुठे येते?"

पंतनगरच्या मैदानात दर रविवारी सकाळी सहाला. शिकेपर्यंत मी शिल्लक रजा मोडून लवकर निघायची. मी ओढणी कमरेला बांधलेली, लाजेने मरायला टेकलेली, कारण बाजूला क्रिकेट खेळणारी पोरं पोट धरून हसायची. काका मागे कॅरिअर धरून पळायचे. "पुढे बघ! चाकाकडे काय बघतेस, चाक कुठे जात नाही!" पडले की बाकीचे लोक 'लागलं का' विचारतात ना, काका विचारायचे, "कुठल्या बाजूला पडलीस?"

"डावीकडे."

"शाब्बास! उजवीकडे गाड्या असतात. पडायचं तर डावीकडे."

पाचव्या रविवारी मैदानाला आख्खा फेरा मारून मी मागे बघितलं तर काका पार लांब, झाडाखाली उभे, चणे खात. कधी सोडलं विचारलं तर म्हणाले, "दुसऱ्या रविवारी. तुला सांगितलं असतं तर पडली असतीस." मी तिथेच मोठ्याने शिवी घातली. ती क्रिकेटवाली पोरं टाळ्या वाजवायला लागली.

मग माझा कागद आला. पाचला ऑफिस सोडायचं, पाच-तेराला मरोळची मेट्रो, घाटकोपरला उतरून पुलावरून पूर्वेला, तिथे एका लाँड्रीवाल्याच्या बोळात माझी सायकल, आणि पाच-बावन्नला घर. आठ मिनिटं हातात. मी तो कागद देवाजवळ ठेवला, खोटं नाही सांगत.

आणि पहिल्याच दिवशी मी सहा-तीनला पोचले. दुसऱ्या दिवशी सहा-दोन. तिसऱ्या दिवशी पळत सुटले तरी सहा-तीन. मावशी दारात पिशवी घेऊन उभ्या, चेहऱ्यावर काही नाही, नुसत्या झपझप जिना उतरायच्या. तीन आठवडे असं चाललं. मला वाटायचं माझंच काहीतरी चुकतंय, मीच हळू चालते, माझंच वजन जास्त. काकांना सांगायची लाज वाटली. त्यांनी एवढी मेहनत घेतलेली, कुठल्या तोंडाने सांगू?

एका सोमवारी मावशी म्हणाल्या, "ताई, शुक्रवारपर्यंत येते. तुमचं वाईट वाटतं, भाऊंचंही वाटतं. पण तिकडची म्हातारीपण माणूसच आहे ना? रोज अर्धा तास एकटी पडून राहते. गेल्या शुक्रवारी पाणी पाणी करत होती."

मी स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला टेकून रडले. दोन दिवस एजन्सीला फोन केले, कुणी पाचच्या पुढे थांबायला तयार नाही. बुधवारी काकांकडे गेले ते राजीनामा देतेय हे सांगायला.

त्यांनी ऐकून घेतलं. मग स्टॉपवॉच हातात घेतलं. "मिनिटं जातात कुठे? चल, दाखव."

त्या संध्याकाळी माझ्याबरोबर परत निघाले. मेट्रोच्या दारापर्यंत आम्ही पाच-तेराला पोचलो, अगदी कागदावर होतं तसं. आत तपासणी. पुरुषांची रांग सरसर पुढे जात होती, काका मिनिटभरात पलीकडे. बायकांची रांग एकच, पडद्याच्या आत एकेक बाई जाणार, पर्स उघडणार, बाहेर येणार. ऑफिसं सुटायची वेळ, पाचपन्नास बायका. मी रोजच्यासारखी उभी राहिले. काका पलीकडून बघत होते. आधी माझ्याकडे, मग पुढच्या बायकांकडे, मग मागच्या. मी बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातातलं घड्याळ अकरा मिनिटं दाखवत होतं आणि तोंडावरचा रंग उडाला होता.

"माझा चुकला गो," ते म्हणाले. मालवणीत. "रोज इतकी उभी राहतेस?"

"रोजच. त्यात काय विशेष?"

"तू सांगितलं का नाहीस?"

खरंच, का सांगितलं नाही? मला ते सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं. रांग असतेच. जन्मापासून असते.

काका प्लॅटफॉर्मवर बाकावर बसले. दोन गाड्या सोडल्या. त्यांची सोबत, त्यांची वही, कुत्रा कुठला भुंकतो इथपर्यंत लिहिलेली. पण दरवेळी ते पुरुषांच्या रांगेतून जायचे आणि पलीकडे उभं राहून घड्याळ बघण्याऐवजी वहीत झाडं लिहायचे. बाई आली की पुढे निघायचे. एवढ्या वर्षांत एकदाही ती मिनिटं मोजली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात जे बघितलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. सत्तावन्न वर्षांचा माणूस, ज्या ज्या बाईला कागद दिला होता तिच्या टेबलापाशी जाऊन उभा राहत होता. "माझ्याकडून चूक झाली. तुझी मिनिटं मी पुरुषाच्या घड्याळाने मोजली. किती वेळ जातो, खरं सांग." बायका संकोचत होत्या. एक म्हणाली, "काका, आम्ही दहा मिनिटं आधी उठतो, त्यात काय एवढं?" काका ते वाक्य ऐकून जागच्या जागी थांबले. मग वही उघडून तिच्या नावापुढे तिची दहा मिनिटं लिहिली. कुणी हसलं नाही. एरवी आमच्या ऑफिसात शिंकलं तरी लोक हसतात.

आपण चुकलो हे इतक्या मोठ्या आवाजात, इतक्या जणींना सांगणारा पुरुष मी तोवर बघितला नव्हता. त्यानंतरही बघितलेला नाही.

पण माझी तीन मिनिटं तशीच होती. रांग काही काकांच्या हातात नव्हती, आणि साहेब पाचच्या आधी सोडायला तयार नव्हते. गुरुवारी काका माझ्याबरोबर थेट घरी आले. आत येऊन बाबांना नमस्कार केला आणि मावशींकडे वळले.

"मावशी, तुम्ही इथून जाता कशा?"

मावशी माझ्याकडे बघायला लागल्या. मीही बघायला लागले. एवढ्या महिन्यांत मी त्यांना जेवलात का विचारलं होतं, मुलाची परीक्षा कशी गेली विचारलं होतं. जाता कशा, हे विचारायचं मला सुचलं नव्हतं. काका म्हणाले, "चला, तुमची सोबत करतो." आणि चपला घालून त्या उतरतायत तोवर हे खाली.

शुक्रवारी सकाळी काका माझ्या टेबलाशी आले ते उड्या मारायचे बाकी राहिले होते. "अगो, तिला सायकल येते! लग्नाच्या आधी गावाला बापाची सायकल चालवायची, दांड्याखालून पाय घालून. बसमध्ये सांगत होती मला. बसने स्टॉपावर उभं राहणं धरून पंचवीस मिनिटं. सायकलने चौदा. मी काल परत येताना आतल्या रस्त्याने चालून बघितलं, ट्रक नाही, चढ नाही."

"पण काका, त्यांच्याकडे सायकल कुठाय?"

"तुझी आहे की! रात्रभर जिन्याखाली झोपलेली असते. तू तिच्यावरून घरी ये, उतर आणि मावशीच्या हातात दे. सकाळी मावशी तिच्यावरून येईल, उतरेल, तू स्टेशनला घेऊन जा. सायकल एक, बायका दोन. तू सहा-तीनला आलीस तरी ती सहा-सतराला तिकडे."

इतकं सोपं! माझी मिनिटं कमी होईनात तेव्हा या माणसाने मावशींची कमी केली.

संध्याकाळी सहा-तीनला मी बिल्डिंगच्या गेटात उतरले. मावशी पदर खोचून उभ्या. बाजूला काका, ऑफिसातून दुपारीच निघून आलेले. मावशींचा चेहरा पांढरा पडला होता. "तीस वर्षं झाली हो. ही मुंबई आहे. मला नाही जमायचं. आजचा शेवटचा दिवस, राहू दे ताई."

"मी आहे मागे," काका म्हणाले.

"मागे आहे म्हणाल आणि सोडून द्याल. ताईंनी सांगितलंय मला मैदानातलं." झाली का पंचाईत! ते मीच हौसेने सांगितलं होतं. "मी मागे वळून बघणार. तुम्ही दिसला नाहीत तर तिथेच उतरणार आणि परत हात लावणार नाही."

"बघा," काका म्हणाले.

मावशी बसल्या. डगमगल्या. काकांनी कॅरिअर धरलं, आणि दोघंही गल्लीच्या टोकाला वळणावर दिसेनासे झाले. मी वर गेले. बाबांना खिचडी भरवली. साडेसहा झाले, सात झाले. मावशींचा फोन नाही, आणि मी केला तर लागत नव्हता. काकांचाही बंद, ऑफिस सुटलं की ते तो बंदच ठेवायचे. जाताना मावशी एवढंच म्हणाल्या होत्या, "सोमवारी आठला आले तर आले समजा." शनिवार, रविवार मी कसे काढले ते माझं मला माहीत. राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवला. बाबा उजव्या हाताने माझा हात दाबत राहिले, त्यांना सगळं कळत होतं.

सोमवारी आठला तीन मिनिटं असताना खाली घंटी वाजली. मी चप्पल न घालता धावले. मावशी गेटात सायकल धरून उभ्या, घामाने डबडबलेल्या, आणि हसतायत! फोन पाण्यात पडला होता म्हणे. मी त्यांना तिथेच मिठी मारली.

"ताई, त्या काकांना आधी बघा हो जाऊन," त्या म्हणाल्या. "शुक्रवारी टिळकनगरपर्यंत पळत आले माझ्या मागे. पार म्हातारीच्या दारापर्यंत. कॅरिअर पहिल्या वळणालाच सोडलं होतं, ते मला कळलं. पण दर वेळी वळून बघितलं की आहेतच मागे. शेवटी मी म्हटलं, काका, आता जा, मी चालवते. तर म्हणाले, तुम्ही बघणार म्हणालात ना."

मी त्याच सायकलवर बसले आणि स्टेशनकडे निघाले. डोळ्यांना धार लागली होती, समोरचं दिसत नव्हतं, आणि बाजूने जाणारे लोक ही बाई रडत रडत सायकल काय चालवतेय म्हणून बघत होते.

ऑफिसात गेले तर काका जागेवर. पायात रबरी सपाता, दोन्ही पायांना पट्ट्या. मला बघून स्टॉपवॉच पुढे ओढलं. "किती वाजता आली?"

"आठला."

"आठला म्हणजे किती?"

"सात-सत्तावन्न."

काकांनी डोळे मिटून घेतले. वही उघडली, पण लिहिलं काही नाही. सगळं ऑफिस बघत होतं. मी पर्स खाली टाकली आणि वाकून त्यांच्या दोन्ही पायांना घट्ट हात लावले.

"गो बाय, हळू!" काका किंचाळले. "फोड आसत!"